ई-वाणिज्याचा अंगीकार आणि पुरवठा साखळीची कार्यक्षमता : पालघर व बोईसर-तारापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

ई-वाणिज्याच्या अंगीकारामुळे किरकोळ व्यापारातील पुरवठा साखळीची कार्यक्षमता वाढते, हा निष्कर्ष वाणिज्य शाखेतील संशोधनात आता जवळपास गृहीतच धरला जातो. त्यामागील तर्क भक्कम आहे. ग्राहकाच्या मागणीतील लहानसा चढउतार दुकानदार, घाऊक व्यापारी, उत्पादक अशा क्रमाने वर जाताना फुगत जातो, कारण प्रत्येकाला केवळ आपल्या लगतच्या दुव्याची मागणी दिसते, असे विवेचन हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केले. प्रत्यक्ष विक्रीची माहिती सर्वांना वेळेवर मिळाल्यास हा फुगवटा आटोक्यात येतो. आक्षेप या तर्कावर नाही. अंगीकार नेमका कोणी केला, याबाबतच्या संदिग्धतेवर आहे.

दुकानदाराने अ‍ॅपवरून माल मागविला, तर जुनी साखळी टिकते आणि तिच्यात माहिती अधिक वेगाने फिरते. ग्राहकाने थेट मोबाईलवरून खरेदी केली, तर दुकान हा दुवाच गळून पडतो. दोन्ही घटनांना 'अंगीकार' या एकाच शीर्षकाखाली मोजले, तर हाती येणारी सरासरी कोणाच्याच अनुभवाची नसते.

कसोट्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. मागणीपूर्तीचा कालावधी, मालसाठ्याची उलाढाल व वाहतूकखर्च या रूढ कसोट्यांत उधारीला स्थान नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत (नाव तारापूरचे असले तरी ती बोईसरला लागून आहे) कंत्राटी काम करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार पगाराच्या तारखेपर्यंत वहीवर किराणा नेतो, तोही पावशेर-अर्धा किलोच्या मापाने. त्याच्यासाठी दुकानदाराने अडकवून ठेवलेले भांडवल ही या साखळीची एक सेवाच आहे. पुस्तकी सूत्रात मात्र ती केवळ दीर्घ वसुली म्हणून उमटते आणि दुकान अकार्यक्षम ठरते.

खर्चाचेही तसेच. गुजरातकडून येणारा माल राष्ट्रीय महामार्ग ४८ ने मनोरवरून पुढे जातो, भिवंडीच्या गोदामांत उतरतो आणि त्यातला काही पार्सलांच्या रूपाने याच जिल्ह्यात परत येतो. शेवटच्या टप्प्यावर स्वतःच्या दुचाकीवरून पार्सल पोहोचविणाऱ्या तरुणाचे पेट्रोल आणि वाहनाची झीज कंपनीच्या वाहतूकखर्चात पूर्णपणे दिसेलच असे नाही. खर्च घटला की दुसऱ्याच्या खिशात सरकला, हे तपासल्याखेरीज 'कार्यक्षमता' हा शब्द वापरणे घाईचे ठरते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेसह त्यापूर्वीची जिल्हास्तरीय आकडेवारी ठाण्याच्या आकड्यांत मिसळलेली आहे. तुलनेसाठी तालुकानिहाय आकडे वेचावे लागतात, हे कष्ट टाळून चालणार नाही.

पदव्युत्तर प्रकल्पांत पंचबिंदू श्रेणीच्या प्रश्नावल्या शेकड्यांनी भरून घेण्यापेक्षा बोईसर स्थानकाजवळच्या एखाद्या किराणा दुकानाची महिनाभराची उधारीची वही मालकाच्या संमतीने वाचावी. तिच्याशेजारी त्याच वस्तीत आलेल्या पार्सलांची, विशेषतः परत गेलेल्या पार्सलांची, नोंद ठेवावी.