‘अर्बुद-प्रथिन’ : एका संज्ञेचे परीक्षण

पारिभाषिक संज्ञा वस्तूचा निर्देश तर करतेच. पण त्या वस्तूकडे कोणत्या बाजूने पाहावे, हेही ती ठरवून टाकते. विषाणूंच्या काही प्रथिनांना लाभलेले ‘अर्बुद-प्रथिन’ हे नाव या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

पोलिओच्या लशीसाठी वापरल्या जाणाऱ्या माकडांच्या मूत्रपिंडपेशींत १९६० साली ‘एसव्ही-४०’ हा विषाणू सापडला. अर्बुदग्रस्त प्राण्यांच्या रक्तद्रवाने त्याचे एक प्रथिन ओळखता येत असे, म्हणून त्यास अर्बुदवाचक ‘टी’ हे अक्षर मिळाले. म्हणजे नाव पडले ते शोधाच्या प्रसंगावरून, कार्यावरून नव्हे.

हे कार्य कोणते, याचा निर्णय आपल्या वैयाकरणांना परिचित अशा अन्वय-व्यतिरेकानेच झाला. प्रकृती कायम ठेवून प्रत्यय बदलावा आणि अर्थाचा कोणता अंश ढळतो ते पाहावे, तद्वत प्रथिनातील एखादे अमिनो आम्ल बदलून परिणाम पाहिले गेले. ७०८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात १०७व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन आले, की पेशीच्या विभाजनास आवर घालणाऱ्या ‘आरबी’ प्रथिनाशी त्याचा बंध तुटतो. पेशीचे रूपांतर घडविण्याची शक्ती मंदावते, पण विषाणूच्या डीएनएचे प्रतिकरण चालू राहते. उलटपक्षी, प्रतिकरण थांबले तरी रूपांतर साधते, अशी उत्परिवर्तनेही आढळली. सारांश, ही दोन कार्ये एकाच प्रथिनात नांदत असली तरी ती एक नव्हेत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचे ‘ई-७’ प्रथिनही ‘आरबी’ला बांधते. त्याचे प्रयोजन असे, की स्वस्थ पेशीस विभाजनाच्या तयारीत आणावे व तिच्या सामग्रीवर विषाणूने आपल्या प्रती काढाव्यात. चामखिळींपुरत्या मर्यादित अशा सहाव्या प्रकारच्या विषाणूत हा बंध दुबळा असतो. सोळाव्या प्रकाराशी तुलना करता त्याचे मोठे कारण एकाच अमिनो आम्लाचा भेद हे होय. अर्बुदात तर विषाणूचा डीएनए बहुधा पेशीच्या डीएनएत मिसळून खंडित होतो आणि विषाणूची प्रजाच खुंटते. अर्बुद हे विषाणूचे साध्य नसून त्याची वाट चुकल्याचे लक्षण आहे.

रोग्याच्या दृष्टीने अर्बुदच महत्त्वाचे, मग नाव का बदलावे, असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही. पण त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, विषाणूच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. अशा तपासणीत ‘विषाणू आढळला’ हे विधान संसर्गाचे असते, अर्बुदाचे नव्हे. बहुतेक संसर्ग आपोआप निवळतात. विषाणूच्या प्रथिनालाच ‘अर्बुद’ म्हणणारी भाषा हा भेद पुसते. मग भयाने स्त्री तपासणीच टाळते, आणि जो रोग वेळीच आवरता आला असता तो बळावतो.

‘टी’ आणि ‘ई-७’ ही चिन्हे रूढ आहेत, ती राहोत. मराठी विवरणात मात्र ‘विभाजन-प्रेरक प्रथिन’ असे कार्यवाचक नाव द्यावे आणि अर्बुदाचा उल्लेख परिणाम म्हणून स्वतंत्र वाक्यात करावा. तसेच ‘परिवर्तन’ हा एकच शब्द जनुकाच्या व पेशीच्या बदलासाठी न योजता, जनुकाचे ते ‘उत्परिवर्तन’ व पेशीचे ते ‘रूपांतर’, हा विवेक कटाक्षाने पाळावा.