वारणा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प : सर्व्हर-रचनेच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तावना :
कोल्हापूर-सांगली परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये सुरू झालेला वारणा प्रकल्प हा ग्रामीण संगणकीकरणाच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक होय. त्याचे मूल्यमापन बहुधा केंद्रांच्या संख्येवरून केले जाते; केंद्रांमागील सर्व्हरचा विचार क्वचितच होतो. निमगाव केतकीसारख्या ऊसपट्ट्यातील गावांसाठीही हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

विवेचन :
संगणकजालाची कार्यक्षमता केवळ वाहिनीच्या वेगावर अवलंबून नसते. अपाची सर्व्हरच्या प्रीफोर्क पद्धतीत एका वेळी २५६ जोडण्यांची मूळ मर्यादा असते. प्रत्येक मागणीस २ सेकंद लागल्यास सेकंदाला १२८ मागण्या पूर्ण होतात; मंद वाहिनीमुळे २० सेकंद लागल्यास जेमतेम १३. म्हणजेच मंद वाहिनीवरील ग्राहक सर्व्हरची जागा दीर्घकाळ अडवतो व रांग वाढते. अपाचीच्या २.२ आवृत्तीत प्रतीक्षेची मूळ मर्यादा ३०० सेकंद होती, ती २.४ मध्ये ६० झाली. यामुळे अडलेल्या जागा लवकर मोकळ्या होतात, परंतु वारंवार खंडित होणाऱ्या वाहिनीवरील ग्राहकच प्रथम बाहेर पडतो. सबब, ही केवळ तांत्रिक नोंद नसून प्रवेश कोणास द्यावा याचा निर्णय आहे.

वारणा येथे केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने उसाच्या नोंदींपुरता राहिला. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ७ गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशाचा प्रयोग केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ही पद्धत स्वस्त व शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरली. या यशाचे श्रेय केवळ मोबाईलला देणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. लघुसंदेश जोडणी अडवून ठेवत नाही. तो साठवून पुढे पाठविला जातो. मंद वाहिनीस अनुरूप अशी ही रचना होती. तथापि रोमन लिपीत १६० अक्षरांचा संदेश देवनागरीत ७० वर येतो. उसाचे वजन त्यात मावते, शेतकऱ्याची तक्रार मावत नाही.

निष्कर्ष :
केंद्रे किती उघडली, यासोबत एका वेळी कितीजणांना सेवा मिळते, हेही जाहीर व्हावयास हवे. परीक्षा-अर्जांच्या अंतिम दिवसाचा अनुभव असलेल्या महाविद्यालयांनी हा निकष प्रथम स्वतःच्या सर्व्हरला लावणे उचित ठरेल.