बीटल्स: आधी संगीत उतरले
बीटल्सनी दौरे थांबवले, म्हणून त्यांचे संगीत स्टुडिओत बहरले, असे सर्रास लिहिले जाते. तारखा लावून पाहिल्या की मला हा क्रम उलटा दिसतो. तिकीट लावून झालेला त्यांचा शेवटचा कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. पण लंडनमध्ये ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत ‘टुमॉरो नेव्हर नोज’चे ध्वनिमुद्रण ६ एप्रिललाच सुरू झाले होते. ध्वनिफितींची वेटोळी फिरवून रचलेले हे गाणे तेव्हाच्या मंचावर उभे राहणे अवघडच. ते ज्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये आहे, ती तबकडी ऑगस्टच्या आरंभी आली, तरी त्या अखेरच्या दौऱ्यात तिच्यातले एकही गाणे वाजले नाही. श्रोत्यांच्या किंकाळ्यांना, धमक्यांना चौघे विटले होते, हे खरेच. पण ते निमित्त. मंचावरून संगीत आधी उतरले, माणसे मागाहून.