‘समिधा’ आणि सेवेचें मोल

सेवेची थोरवी गाणारें वाङ्मय मराठींत कमी नाहीं. परंतु सेवेचा रोजचा हिशेब मांडणारें पुस्तक विरळा. साधनाताई आमटे (१९२६–२०११) यांचें ‘समिधा’ हें आत्मकथन अशा पुस्तकांपैकीं असल्यामुळें त्याचा थोडा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाबा आमट्यांच्या ‘ज्वाला आणि फुले’ (१९६४) या काव्यसंग्रहाशेजारीं हें पुस्तक ठेवून पाहावें. तेथें आवाहन आहे. येथें संसार आहे. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याच्या माळावर आनंदवनाचा पाया घातला गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु दोन लहान मुलें सांभाळून त्या माळावर रोज चूल पेटविणें, हा पराक्रम कवितेंत मावत नाहीं. थोर निर्धार एका क्षणीं होतो. तो पाळावयाचा असतो दररोज. साधनाताईंच्या घरगुती निवेदनांतून हें जितकें पटतें, तितकें वक्तृत्वानें पटत नाहीं.

तथापि पुस्तकाच्या नांवाविषयीं आमचा मतभेद आहे. समिधा अग्नींत पडते, जळते व संपते. सेवकानें असें जळून चालत नाहीं. मग उद्यां रुग्णाची कूस कोणीं बदलावी? १९४६ पासून साठांहून अधिक वर्षें ज्यांनीं बाबांचा संसार निभावला, त्यांना समईची उपमा अधिक शोभली असती. समईंत तेल घालावें लागतें, आणि तें घालणारे हात दुसऱ्यांचेही असूं शकतात.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. दानानें मनुष्य दुबळा होतो, कामानें उभा राहतो, हें आनंदवनाचें सूत्र. तेथें रोगमुक्तांच्याच हातांनीं शेतें पिकलीं व माग चालले. आमच्या उल्हासनगराचीही साक्ष हीच आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ सालीं हें नांव मिळालें; आणि तेथल्या निराश्रितांनींच पुढें बाजारपेठा व कारखाने उभारले.

पण ज्याला पुन्हा उठतांच यावयाचें नाहीं, त्याचें काय? अंथरुणाला खिळलेल्या निराधार वृद्धाचें मोल श्रमाच्या मापानें मोजतां येत नाहीं. ज्वालेच्या वाङ्मयाला याचें उत्तर सहज सांपडत नाहीं. ‘समिधे’ला सांपडतें, कारण घरांत कोणी आजारी पडला म्हणजे त्याची उपयुक्तता कोणी विचारीत नाहीं.

अंबरनाथ-बदलापुराकडील जीं तरुण मुलें-मुली रविवारीं एखाद्या आश्रमांत रुग्णसेवेस जातात, त्यांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. जखम धुणें, घास भरविणें, तीच हकीकत दहाव्यांदा ऐकणें, यांत कांहीं अलौकिक नाहीं. नेमानें पुढच्या रविवारीं पुन्हा जाणें, एवढेंच कठीण आहे.