उहुरा, मार्टिन ल्यूथर किंग आणि एकच साक्षीदार

तुम्ही पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करत असाल आणि विषय सिनेमा-टीव्हीच्या आसपासचा असेल, तर निशेल निकोल्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा किस्सा तुम्हाला कुठे ना कुठे भेटणारच.

किस्सा असा. १९६६ साली अमेरिकेत एनबीसीवर 'स्टार ट्रेक' सुरू झाली. तिच्यात एन्टरप्राइझ या अवकाशयानावरची संपर्क अधिकारी, लेफ्टनंट उहुरा, ही भूमिका निकोल्स यांच्याकडे होती. कृष्णवर्णीय बाई, आणि तीही मोलकरीण नव्हे तर अधिकारी! तेव्हाच्या अमेरिकी टीव्हीवर हे दुर्मीळच होतं. पण पहिल्या सीझननंतर निकोल्स यांना सोडायचं होतं. त्या मूळच्या गायिका, ड्यूक एलिंग्टनच्या बँडबरोबर दौरे केलेल्या. ओढ रंगभूमीची होती. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना त्यांनी तसं सांगूनही टाकलं. त्याच शनिवार-रविवारी एका निधिसंकलनाच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, तुमच्या एका चाहत्याला तुम्हाला भेटायचंय. वळून बघतात तर किंग! मालिका सोडू नका, असं त्यांनी बजावलं. सोमवारी निकोल्स परत कामावर.

माझ्या पहिल्या सेमिनार पेपरची सुरुवात मी याच किश्शाने केली होती. निष्कर्षही तयार होता: मालिका वर्णभेदाच्या विरोधात होती, दस्तुरखुद्द किंग यांनीच तसं प्रमाणपत्र दिलंय. मॅडमनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: 'साक्षीदार कोण?'

साक्षीदार एकच, निकोल्स. किंग यांची हत्या एप्रिल १९६८ मध्ये झाली, तेव्हा मालिका चालूच होती. निकोल्स यांचं आत्मचरित्र आलं १९९४ मध्ये. म्हणून किस्सा खोटा ठरतो का? अजिबात नाही, आणि मी तसं म्हणतही नाहीये. माझी गफलत वेगळीच होती. किस्सा शंभर टक्के खरा धरला तरी तो एवढंच सांगतो की निकोल्स थांबल्या का. मालिकेने त्यांना काय दिलं हे त्यातून कळत नाही. ते कळायला एपिसोड बघावे लागतात, आणि खरं सांगायचं तर पेपर लिहिताना मी जेमतेम पाच-सहा बघितले होते.

मग सगळे ७९ बघितले. उहुरा बहुतेक वेळ नियंत्रणकक्षात मागच्या बाजूला, कानात यंत्र घालून बसलेली. संदेश आलाय, संदेश गेलाय, उत्तर येत नाहीये. १९६७ च्या 'मिरर, मिरर'मध्ये तिला जरा हातपाय हलवायला मिळतात. पण त्याच वर्षीचा 'द चेंजलिंग' बघा. उहुरा गुणगुणत असते. नोमॅड नावाचं एक यंत्र त्या गाण्याने बुचकळ्यात पडतं आणि तिची स्मृतीच पुसून टाकतं. पुढे ही प्रशिक्षित अधिकारी लहान मुलीसारखी अक्षरं लावत वाचायला शिकते. शेवटी डॉक्टर सांगतो, आठवड्याभरात कामावर येईल. झालं, संपला विषय! एका माणसाचं अख्खं आयुष्य पुसलं गेलंय आणि कथेला त्याचं काहीच वाटत नाही. मला हा एपिसोड आजही बघवत नाही.

आता ते गाजलेलं चुंबन. नोव्हेंबर १९६८, 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन'. अमेरिकी टीव्हीवरचं पहिलं आंतरवर्णीय चुंबन म्हणून ते सांगितलं जातं. 'पहिलं' हा शब्द दिसला की थांबत जा. डिसेंबर १९६७ मध्ये याच एनबीसीवर, नॅन्सी सिनात्राच्या कार्यक्रमात, तिचं आणि सॅमी डेव्हिस ज्युनियर यांचं ओझरतं चुंबन दिसून गेलं होतं. शिवाय ओठ टेकले की नाही यावरही वाद आहे. कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर यांच्या १९९३ च्या आठवणींनुसार नाही. निकोल्स यांच्या आत्मचरित्रानुसार हो. दोघंही तिथे हजर, आणि दोघांचं म्हणणं उलटं! पडद्यावर बघून निकाल लावावा तर डोकी अशी वळलेली आहेत की ओठ दिसतच नाहीत.

पण या वादात एक गोष्ट बाजूलाच राहते. कथेत हे चुंबन दोघांच्या इच्छेने होत नाही. मनाच्या शक्तीने शरीरं हलवणारे परग्रहवासी ते करमणुकीसाठी घडवून आणतात. उहुरा घाबरलेली आहे. आंतरवर्णीय विवाहांवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जेमतेम दीड वर्षापूर्वी, जून १९६७ मध्ये, रद्द केली होती. अशा वेळी पटकथेला जवळीक दाखवायला जबरदस्तीची पळवाट लागली. मला विचाराल तर अभ्यासाचा खरा मुद्दा ही पळवाट आहे, 'पहिलं' नव्हे.

मग निकोल्स यांचं श्रेय काय? माझ्या मते ते बरंचसं मालिकेबाहेर आहे. १९७७ मध्ये त्यांनी स्पेस शटलच्या अंतराळवीर भरतीसाठी नासाबरोबर काम केलं. स्त्रिया आणि अल्पसंख्याकांनी अर्ज करावेत म्हणून त्या प्रचार करत फिरल्या. एकूण अर्ज आले ८,०७९. जानेवारी १९७८ मध्ये जाहीर झालेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया होत्या, त्यांत सॅली राइड. आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष, त्यांत गाय ब्लूफर्ड. इथेही जपून हं! यातलं कोण निकोल्स यांच्यामुळे आलं, ते आकडा सांगत नाही. मे जेमिसन यांची गोष्ट निराळी. १९९२ मध्ये अंतराळात गेलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणी उहुराकडे बघून आपल्याला बळ मिळालं असं ती स्वतः सांगते. ही साक्षही एकटीचीच आहे, पण ती तिच्या स्वतःच्या मनाबद्दल आहे. त्या जागी दुसरा साक्षीदार आणणार कुठून?

पेपर मी पुन्हा लिहिला. आता तो उहुरा अक्षरं लावत बसलीये त्या दृश्यापासून सुरू होतो. किंग येतात नवव्या पानावर, 'निकोल्स यांच्या सांगण्यानुसार' या शब्दांसकट. मॅडमनी या वेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन'ची प्रत मागून घेतली.