पांडुरंग सांगवीकर असा का वागतो? पात्राचा भूतकाळ वाचताना

पेटची तयारी करणाऱ्या किंवा रूपरेषा लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांकडून एक शीर्षक हमखास ऐकू येतं: 'अमुक कादंबरीतील व्यक्तिरेखांवर कौटुंबिक संबंधांचा प्रभाव'. विषय चांगलाच आहे. पण पुढे त्याचं काय होतं बघा. पहिलं प्रकरण लेखकाचं चरित्र, दुसरं कथानकाचा सारांश, तिसऱ्यात आई, वडील, भावंडं असे कप्पे. शेवटी निष्कर्ष काय, तर 'कुटुंबाचा व्यक्तिरेखेवर प्रभाव पडलेला दिसतो'. हे तर वाचायच्या आधीही माहीत होतं! मग संशोधन कशाचं केलं?

आज हाच विषय आपल्या खानदेशातल्या एका कादंबरीवर लावून बघू. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', १९६३ सालची.

सांगवी आणि सांगवीकर

नेमाडे यांचा जन्म १९३८ साली यावल तालुक्यातल्या सांगवीचा. कादंबरीच्या नायकाचं नाव पांडुरंग सांगवीकर. नेमाडे पुण्याला शिकले, पांडुरंगही पुण्याला शिकायला जातो. कादंबरी आली तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि पांडुरंगही पंचवीस वर्षांचा. एवढं जुळलं की आपल्याला वाटतं कोडं सुटलं, ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे.

इथेच थांबायचं नाही. लेखकाचं गाव आणि नायकाचं गाव एक आहे ही माहिती झाली, ते विश्लेषण नव्हे. लेखकाच्या घरात खरोखर काय घडलं हे आपण कादंबरीवरून सिद्ध करू शकत नाही, आणि आपलं ते कामही नाही. आपल्याला विचारायचं आहे ते असं: कादंबरीने पांडुरंगला जो भूतकाळ दिलाय, त्याने पुढची कुठली वागणूक कळते? आणि कुठली कळत नाही?

बाप आणि पैसा

'कोसला'वर लिहिताना 'परात्मता' आणि 'अस्तित्ववाद' हे दोन शब्द आले नाहीत असं क्वचितच होतं. खेड्यातला मुलगा शहरात एकटा पडतो, त्याला सगळं निरर्थक वाटायला लागतं, असा तो अर्थ. तो चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात एक गोष्ट झाकली जाते: पांडुरंगचा एकटेपणा बापाच्या पैशावर चाललेला आहे.

पांडुरंगचे वडील गावातले वजनदार शेतकरी. कर्तबगार, दरारा असलेले, पैशाला पक्के. लहानपणापासून पांडुरंगला त्यांची जरब आहे आणि त्यांच्या व्यवहारीपणाचा रागही आहे. पुण्यात आल्यावर तो काय करतो? हॉस्टेलच्या, मेसच्या, मंडळांच्या कारभारात उत्साहाने पडतो, मित्रांवर पैसे उडवतो आणि आतबट्ट्यात येतो. पैसे घरून येतात.

हा भाग सहसा 'कॉलेजजीवनाचं मिश्किल चित्रण' म्हणून उरकला जातो. माझं वाचन जरा वेगळं आहे. बापाने ज्या गुणावर घर उभं केलं, नेमका तोच गुण मुलगा नाकारतोय. बाप हिशेबी म्हणून मुलगा बेहिशेबी. पण ही बंडखोरी करायला लागणारा पैसा बापाकडूनच घ्यावा लागतो, त्यामुळे ती कधीच पुरी होत नाही. परीक्षेत नापास होऊन तो गावाकडे परततो तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नसतं. ज्या घरातून सुटायचं होतं, तेच घर समोर उभं.

नुसतं 'वडिलांशी संबंध तणावाचे होते' एवढं लिहिलं तर हे काहीच हाती लागत नाही. संबंध कशातून चालतो, हे बघावं लागतं. मनीऑर्डर, फी, मेसचं बिल, उधारी. जळगाव-धुळ्याकडून पुण्याला शिकायला गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. कापसाचा नाहीतर केळीचा पैसा हातात आला की आधी पोराची फी भरायची, हे इथल्या कितीतरी घरांत चालत आलंय. पांडुरंगची निरर्थकता आभाळातून पडलेली नाही. तिच्यामागे शेती आहे.

बहिणीचं मरण

कादंबरीतला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग म्हणजे धाकट्या बहिणीचा देवीने झालेला मृत्यू. एरवी पांडुरंग सगळ्याची टवाळी करतो. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या शब्दांनी तो प्रत्येक गोष्टीचं वजन कमी करत जातो. या भागात मात्र टवाळीचं कवच टिकत नाही.

इथे एक निरीक्षण मांडतो. मुलगा पुण्यात शिकतोय, त्याच्यावर घरचा पैसा खर्च होतोय, आणि घरातली लहान मुलगी गावात देवीने जाते. देवीची लस तेव्हा नवी नव्हती. तरी भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडायला १९७५ साल उजाडलं, म्हणजे कादंबरीनंतर बारा वर्षं. कादंबरी कुणावर सरळ आरोप ठेवत नाही. पण या दोन गोष्टी ती एकाच घरात शेजारी ठेवते. मुलगा बापावर रागावलेला असतो, पण त्या घराने मुलगा म्हणून जे द्यायचं ते त्याला दिलेलं असतं. बहिणीच्या वाट्याला ते आलं नाही. पांडुरंगच्या दुःखात अपराधीपणाचा जो सूर लागतो, तो मला इथून येताना दिसतो.

तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही. पण खोडायचं असेल तर पाठातूनच खोडा. वाद पाठावर घालता येतो, म्हणूनच त्याला संशोधन म्हणायचं.

सांगतंय कोण?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कादंबरीतला भूतकाळ हा घडून गेलेला नसतो, तो कुणीतरी सांगितलेला असतो. 'कोसला'त वडील जसे दिसतात ते पंचवीस वर्षांच्या, हरून परतलेल्या मुलाला दिसतात तसे. वडिलांनी हीच गोष्ट सांगितली असती तर?

तुलनेला 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी अमळनेरला शिक्षक म्हणून काम केलं आणि पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं. त्यातही मोठा झालेला श्याम आपलं लहानपण सांगतो. पण तो आश्रमातल्या सोबत्यांना सांगतोय, रोज रात्री एक आठवण, आणि बहुतेक आठवणींतून काही शिकवण निघते. साहजिकच आईच्या रागातही त्याला संस्कार दिसतो. पांडुरंगसमोर असे ऐकणारे नाहीत. त्याच्याकडे शिकवणही नाही. त्यामुळे वडिलांचा राग नुसता राग राहतो, त्याचा संस्कार होत नाही.

म्हणजे पालकांची कडक शिस्त दोन्हीकडे आहे, पण एकीतून कृतज्ञ मुलगा घडतो आणि दुसरीतून तुटलेला. फरक फक्त पालकांमधला नाही. आठवण कोण, कुणाला आणि कशासाठी सांगतोय, यातलाही आहे. 'प्रभाव' हा शब्द वापरताना आपण हेच विसरतो.

रूपरेषा लिहिताना

असा विषय घेणार असाल तर आधी एवढे प्रश्न स्वतःला विचारून बघा:

१. पात्राचा भूतकाळ मला कुणाच्या तोंडून कळतो? त्याला तो तसाच सांगण्याची काय गरज आहे?
२. नातं कुठल्या वस्तूतून किंवा व्यवहारातून चालतं? पैसा, जमीन, जेवण, पत्र, आजारपण?
३. घरातलं कोण जवळजवळ गप्प आहे? 'कोसला'तल्या आई आणि बहिणींचा वेगळा विचार करता येईल.
४. पात्राची कुठली कृती भूतकाळाने समजत नाही? ती मुद्दाम नोंदवा, लपवू नका. बऱ्याचदा चांगलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.

आणि विषय पुढे न्यायचा असेल तर नेमाड्यांचीच 'हिंदू' (२०१०) समोर आहे. तिथे खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक वडिलांच्या मरणाच्या वेळी गावाकडे परततो. 'कोसला'तला मुलगा बापापासून सुटू बघत होता, आता मुलाच्या अंगावर सगळा वारसाच येऊन पडतो. दोन्ही कादंबऱ्यांत जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर आहे. या काळात खानदेशातल्या शेतकरी घरातलं बापलेकाचं नातं बदललं, की ते सांगणाऱ्याचं वय बदललं? एका प्रबंधाला हा प्रश्न पुरेसा आहे.