पुच्छ, मुद्रा व वळण
(भिवंडीकडील संगणकीय नकलांच्या ओळखीसंबंधीं)

रुमालावरील चिठ्ठी प्रमाण मानूं नये, हा दप्तरांत काम करणाराचा पहिला धडा होय. चिठ्ठी बहुधा मागाहून, दुसऱ्याच्या हातची असते. ‘खासगी पत्रें’ म्हणून बांधलेल्या रुमालांतून गांवचे ताळेबंद निघतात, हें वाचकांस सांगणें नको. परंतु हीच मंडळी संगणकावरील फाइलीपुढें बसली म्हणजे तिच्या नांवाअखेरचीं, टिंबापुढचीं तीन अक्षरें पाहून निर्णय देतात. ‘डॉक’ असेल तर वर्डची, ‘डॅट’ असेल तर निरुपयोगी, ‘पी६५’ असेल तर ‘उघडत नाहीं’. याद्यांतून असेच शेरे येऊं लागले आहेत. या पद्धतीचें परीक्षण करणें अवश्य वाटतें.

कल्याण-भिवंडी १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं घेतली. त्या बाजूस जुन्या घराण्यांतून वतनाचे व देवस्थानांचे कागद राहिले, यांत नवल नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत अशा कागदांच्या नकला संगणकावर टंकित होऊं लागल्या. त्या फ्लॉपींवर व सीडींवर गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कोणता कार्यक्रम व कोणता फॉन्ट वापरला हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. पुढें २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत कल्याण, भिवंडी व आसपासच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें. ज्या घरीं त्या पुरांत वा एरव्हीं वाळवीनें मूळ कागद गेला असेल, तेथें उघडत नसलेली फाइल हाच त्याचा एकटा साक्षीदार उरतो. ‘निरुपयोगी’ हा शेरा अशा साक्षीदाराविषयीं लिहिला जातो, हें ध्यानांत घ्यावें.

हें पुच्छ (एक्स्टेन्शनास आम्ही येथें पुच्छच म्हणूं) म्हणजे फाइलीचें अंग नव्हे. १९८१ च्या एमएस-डॉसमध्यें नांवास आठ अक्षरें व पुच्छास तीन, एवढीच जागा होती. इतक्या तोकड्या जागेंत निरनिराळ्या कारखानदारांनीं तींच अक्षरें पुन्हा पुन्हा वापरलीं. ‘डॉक’ हें पुच्छ वर्डखेरीज इतर लेखनकार्यक्रमांनींही लाविलें आहे. ‘डॅट’ला तर कांहींच नियम नाहीं. शिवाय पुच्छ कोणालाही बदलतां येतें, आणि विंडोज ९५ पासून तें ओळखीचें असल्यास दाखविलेंच जात नाहीं. फाइल उघडावी म्हणून पुच्छ बदलून पाहणारे पुष्कळ आहेत. त्यानें आंतील एकही अक्षर बदलत नाहीं. मात्र मूळ पुच्छ कोणतें होतें हा पुरावा नाहींसा होतो.

खरी साक्ष आरंभींच्या कांहीं बाइटांत असते. पत्राच्या माथ्यावरील शिक्क्याप्रमाणें बहुतेक जातींच्या फाइलींस अशी मुद्रा आहे. पीडीएफचा आरंभ टक्क्याचें चिन्ह व त्यापुढें तींच तीन रोमन अक्षरें असा होतो. झिपचा आरंभ ‘पीके’ या, तिचे कर्ते फिल कॅट्झ यांच्या आद्याक्षरांनीं होतो. युनिक्समध्यें ‘फाइल’ नांवाची आज्ञा १९७३ पासून याच मुद्रा वाचीत आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें ‘प्रोनॉम’ नांवाची मुद्रांची नोंदवही केली असून, तिच्या आधारें चालणारा ‘ड्रॉइड’ हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. यादी करणारानें निदान त्यावरून फाइली घालून घ्याव्या.

परंतु मुद्रेवरही थांबतां येत नाहीं, आणि येथेंच तज्ज्ञ म्हणविणारांचेंही चुकतें. जुन्या वर्डच्या फाइलीची जी मुद्रा, तीच पेजमेकर ६.५ च्या ‘पी६५’ फाइलीची. कारण दोहोंची पेटी एकच, आंतील कागद निराळे. नव्या ‘डॉकएक्स’ची मुद्रा तर झिपचीच. भिवंडीचा कापडव्यापारी गाठीवरचा छाप वाचून थांबत नाहीं, गाठ सोडवून पोत पाहतो. तसें पेटींतील खण पाहिले पाहिजेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ति २००१ ची. इनडिझाइनच्या २०१२ च्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्ति त्याच्या ६ नंतरच्या फाइली उघडीत. पुढें ती सोय काढली गेली. लिबरऑफिसनें मात्र २०१५ च्या आवृत्तींत ती आणिली. मांडणी तींत मोडेल, पण मजकूर बहुधा हातीं येतो, व आपणांस मजकूरच हवा.

मग तिसरी पायरी, जी परदेशी नोंदवहींत नाहीं. फाइल उघडते आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व विचित्र चिन्हांचा गलबला दिसतो. ‘फाइल खराब झाली’ हा येथील नेहमींचा शेरा बहुशः खोटा असतो. श्री-लिपि, आकृति, आयएसएम यांच्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे (काना, अर्धें अक्षर, वेलांटी) रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेले असत, व प्रत्येकाची बैठक निराळी. १९९१ चें इस्की मानक असतांही छपाईच्या कामांत हीच रीत चालली. चिटणीसी वळणाचा मोडी कागद बिवलकरी समजून वाचला तर जें होईल, तेंच एका फॉन्टची फाइल दुसऱ्याच्या कोष्टकानें वाचल्यास होतें. म्हणून फॉन्टचें नांव, जें फाइलीच्या पोटांत बहुधा लिहिलेलें सांपडतें, तें प्रथम टिपावें.

युनिकोडमध्यें रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमांविषयीं आमचें मत मर्यादित अनुकूल आहे. ते वेळ वाचवितात. परंतु जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधीं व रफार अक्षरानंतर टंकित होत असल्यानें, क्रम नीट न लावणारें यंत्र ‘शिवनेरी’चें ‘शविनेरी’ व ‘दुर्ग’चें ‘दुगर्’ करतें. अशा ढोबळ चुका सहज दिसतात. ‘कऱ्हाड’चें ‘कर्हाड’ मात्र नजरेंतून निसटतें, आणि मूळ लेखकाचें शुद्धलेखन म्हणून पुढें उद्धृत होण्याची भीति आहे. अशा नकलेवरून जुन्या लेखनपद्धतीविषयीं अनुमान काढणें सर्वथा असमंजस होय.

फाइलीसमोर ‘निर्मिती’ म्हणून दिसणारी तारीखही तशीच पारखून घ्यावी. विंडोजवर ती पुष्कळदां ही प्रत त्या यंत्रावर केव्हां उतरविली एवढेंच सांगते. यादींत मूळ नांव पुच्छासह, वाचलेली मुद्रा, आंतील फॉन्ट, व कोणत्या कार्यक्रमानें उघडली हें नोंदावें. काम सदैव प्रतीवर करावें. जुनी फाइल नव्या कार्यक्रमांत उघडून त्याच नांवानें जतन करणें म्हणजे जीर्ण कागदाची नक्कल उतरवून कागद चुलींत घालणें; आणि रूपांतरित प्रत छापतांना तीसोबत मूळ फाइल जशीच्या तशी संग्रहीं ठेविली नसेल, तर संपादकास पाठाबद्दल विचारण्याचा हक्क वाचकास आहे.